अंबाडीचं पाणी आणि मांगूर

३ ऑक्टोबर १९५४

सकाळी तलावाच्या पाळीवर मोतीरामचा हात मोडला.

हिरामण चार गडी घेऊन तुडूम उघडायला गेला होता. पाणी सोडायचं ते दार ढिवरांनी, इथल्या मासेमारांनी, आतून दगड लावून बुजवलेलं. धान पोटरीत आहे आणि पाऊस थांबून महिना होत आला, म्हणून शेतकऱ्याला पाणी आत्ता हवं. तलाव उतरला तर मासे जातात, म्हणून ढिवरांना ते आत्ता सोडायचं नाही. दोघांचंही खरं. त्यांच्यातला मोतीराम दगडांवर जाऊन बसला.

"पानी आमी सोडून राहिलो, तुले काऊन दुखते?" हिरामण म्हणाला.

"आमचं पोट हाये जी त्याच्यात."

त्याला दांडक्याने उठवलं. हाड मोडल्याचा आवाज मला वरून ऐकू आला. त्याचा बाप बुधाजी पाण्यात कमरेपर्यंत उभा होता. पोराला खांद्याशी धरून काठाला आणलं आणि बांबूच्या कामट्या शोधू लागला.

पाणी सुटलं. परत येऊन तीन पानं लिहिली. पदार्थाच्या अवस्था: घन, द्रव, वायू. प्रकाशकाला नागपुरात शालेय पुस्तक दिवाळीपर्यंत हवं आहे. तीस वर्षं वर्तमानपत्रात काढली. दंगल असो की पूर, पान वेळेला जातंच. सवय सुटत नाही.

सौ. म्हणाली, "दादाला तुम्ही काही बोलला नाहीत." हिरामण तिचा थोरला भाऊ. जूनपासून आम्ही त्याच्याच घरात आहोत. नाही बोललो.

५ ऑक्टोबर

प्रकरण तिसरं: मूलद्रव्ये. सोनं, लोखंड, गंधक, पारा. मुलांना हाताशी लागेल असं एकेक उदाहरण. हवेतला प्राणवायू पाण्यातही थोडा विरघळलेला असतो, हे वाक्य पुढच्या प्रकरणासाठी राखून ठेवलं.

दिवसभर गाड्या जात होत्या. अंबाडी कापून झाली, आता कुजत घालायची. पंधरवडाभर पाण्यात राहिली की साल सुटते, त्याचा वाख, वाखाचे दोर. पूर्वी हे सगळं गावाबाहेरच्या बोडीत व्हायचं. बोडी म्हणजे छोटं तळं, तेवढ्यासाठीच ठेवलेलं. मोठ्या तलावात एक काडी घातली तर मालगुजाराचा माणूस पाठीवर वळ उठवायचा, असं सौ. सांगते. मालगुजारी गेली, तो माणूसही गेला. बोडीला हिरामणने बांध घातला, आता त्यात धान उभं आहे. म्हणून अंबाडी तलावात.

सगळ्या गावाच्या मोळ्या. त्यात निम्म्याहून जास्त आमच्या घरच्या. वरून दगड ठेवून दाबल्या.

८ ऑक्टोबर

उकाडा. आभाळ भरलेलं, वारा नाही. झाडाचं पान हलत नाही.

पहाटे पाळीवर गेलो तर अख्ख्या तलावभर मासे तोंड वर काढून. रोहू, कतला, बोटाएवढी पिल्लं. हजारो तोंडं उघडतायत, मिटतायत. सौ.ला बोलावून दाखवलं. छान दिसत होतं. एवढंच मनात आलं.

काठाचं पाणी काळं पडलंय. सडक्या अंड्यांचा वास.

९ ऑक्टोबर

सगळे मेले.

पांढरी पोटं वर. काठापासून काठापर्यंत पाणी दिसत नाही. कावळे, घारी, कुत्री. ढिवरांच्या बाया पाण्यात उतरून टोपल्यांनी काढत होत्या आणि रडत होत्या. बुधाजी पाळीवर बसून होता. मोतीराम एका हाताने मासे ओढत होता, दुसरा गळ्यात बांधलेला.

वर्षाचं पीक गेलं त्यांचं. तरी दुपारपर्यंत गावात एकच बोलणं: ढिवरांनीच जहर टाकलं. पाणी सोडलं म्हणून सूड. रानातली गेळफळं ठेचून डबक्यात टाकून मासे धरायची चाल त्यांच्यात आहेच. ती सगळ्यांनी पाहिलेली आहे.

"स्वतःचेच मासे कोण मारेल?" मी विचारलं.

हिरामण हसला. "जवाईबापू, तुमी शयरातले. आमचं पानी नासवाले त्याईनं आपलं नाक कापलं."

१० ऑक्टोबर

हिरामणचा कोसा बैल पहाटे मेला. पोट फुगलेलं, तोंडाला फेस. काल तलावावर पाणी प्याला होता, असं गडी सांगतो. का मेला ते मला ठाऊक नाही. पोट फुगून बैल दरवर्षी मरतात. पण यंदाचा मेला तो जहराने.

दुपारी बुधाजीला चावडीपुढच्या कडुनिंबाला बांधला. बैलाच्या कासऱ्याने. आधी चपला, मग काठ्या. सगळं गाव उभं. बायका ओसऱ्यांवर. बुधाजी साठीच्या पुढचा, अंगावर लंगोटी. त्याच्या पाठीचं कातडं फुटलं तेव्हा एक म्हातारा "पुरे आता" म्हणाला. त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही.

मग हिरामणच्या डोक्यात आलं. कोतवालाला सांगून तलावाचं पाणी लोटाभर आणवलं.

"जहर नाई ना? मंग पी."

"पितो जी."

प्याला. आणखी एक लोटा. ओकला. तिसरा पाजला. सगळे वाट पाहत बसले. पानं लावली, तंबाखू मळली, एकाने बैलाची किंमत विचारली. बुधाजी मरेना. मला वाटलं, झालं, सुटला.

"उतारा खाऊन आला असन," कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्यांना ते पटलं.

सोडताना हिरामणने त्याला लाथ घातली. बरगडीत. मी पुढे झालो तेव्हा मला म्हणाला, "तुमी लिवाचं काम करा जी."

लिहिलं. सजीवांची लक्षणं: हालचाल, श्वसन, पोषण, वाढ, प्रजनन. दुखवलं तर प्रतिसाद.

११ ऑक्टोबर

समजलं. समोरच होतं.

विष असतं तर बेडूक मेले असते, पाणकिडे मेले असते. बेडूक काठावर ओरडतायत. पाणी उतरलेलं, वर उकाडा, वारा नाही, आणि त्यात गाडीगाडीभर अंबाडी कुजते आहे. कुजणं म्हणजे सूक्ष्म जीवांचं खाणं. खायला तेही प्राणवायू घेतात. पाण्यातला सगळा त्यांनी ओढून घेतला. मासे ८ तारखेला वर तोंड काढून होते ते श्वासासाठी. मी सौ.ला दाखवायला बोलावलं होतं.

संध्याकाळी हिरामणला ओसरीवर गाठलं. सरळ सांगितलं. तो सुपारी कातरत होता, हात थांबला नाही.

"म्हंजे मासे आमी मारले."

"अंबाडीने मारले."

"अंबाडी कोनाची?"

"गावाची."

"अन् जास्त कोनाची?" तो हसला. "बापजाद्यापासून अंबाडी पान्यात सडते जी. कदी मासा मेला का?"

"बोडीत सडायची. बोडीत मासे नव्हते."

अडकित्ता खाली ठेवला. "बोडीचं नाव काढू नका." आवाज चढला नाही. सौ. दारात उभी होती, आत गेली.

१२ ऑक्टोबर

पंच बसले. ठरलं ते असं: ढिवरांची सात घरं पाणी-विस्तवाला बंद, अमावास्येच्या आत गाव सोडायचा. तलावावर हक्क नाही.

बुधाजी जमिनीला हात लावून म्हणाला, "माह्या आज्याचा जाळा हाये या तलावात. कुठी जाऊ?"

मी उठलो. म्हटलं, मी सिद्ध करून दाखवतो. दोन बादल्या. एकीत विहिरीचं पाणी, दुसरीत अंबाडी कुजली तिथलं. दोन्हींत जिवंत मासे सोडू. विहिरीतले जगले आणि अंबाडीतले मेले, तर ढिवरांचा दोष नाही. पंचांनी एकमेकांकडे पाहिलं. सरपंच म्हणाला, आणि न मेले तर? मी म्हटलं, मरतीलच.

हिरामण म्हणाला, "ठीक हाये. जवाईबापूईचा मान."

सौ. जेवताना: "मासे आणणार कुठून? तलावात तर एक उरला नाही." कोतवालाला सांगितलं आहे. तलावाच्या तळच्या चिखलात असतील.

आधी एकदा घरी करून बघावं असं मनात आलं होतं. पण चौथं प्रकरण तपासायचं राहिलं होतं. त्यात माझंच वाक्य आहे: "सर्व मासे पाण्यात विरघळलेला प्राणवायू कल्ल्यांनी घेतात." शाईने पक्कं केलेलं.

१४ ऑक्टोबर

सकाळी मारुतीपुढे बादल्या मांडल्या. अख्खा गाव. झाडावर पोरं. ढिवर बाजूला, उन्हात, बुधाजी पुढे, बरगडीला फडकं बांधलेलं.

कोतवालाने टोपलीतून चार मासे आणले. काळे, बुळबुळीत, मिशावाले. मांगूर. "एवढेच जित्ते घावले जी." दोन विहिरीच्या पाण्यात, दोन काळ्या पाण्यात. काळ्या पाण्याचा वास एवढा की पुढच्या बायांनी पदर नाकाला लावले.

मी समजावून सांगितलं. शाळेतल्या मुलांना सांगावं तसं. हवा, प्राणवायू, पाणी, कल्ले. सगळे ऐकत होते. आता मरतील, म्हटलं.

नाही मेले. ऊन चढलं, सावली पायाशी आली. काळ्या पाण्यातले दोन मांगूर तळाशी फिरत होते. मधून मधून वर येत होते, परत खाली. मी त्यात आणखी अंबाडी टाकली. ढवळलं. काही नाही. माझ्या पाठीवरून घाम चालला होता. लोक कुजबुजायला लागले, मग कुणीतरी खुदकन हसलं.

तेवढ्यात विहिरीच्या बादलीतला एक मासा उसळून बाहेर पडला. फरशीवर तडफडला. मागे सरताना कुणाचा तरी पाय त्याच्यावर पडला, डोकं चिरडलं.

"जवाईबापू, जहर तं इहिरीत हाये," हिरामण म्हणाला.

सगळा गाव हसला. ढिवरांच्या बाजूला एक लहान पोरगी होती, तीही हसली. मला ते हसणं संपू नये असं वाटत होतं. कारण ते संपलं तेव्हा सगळे एकदम ढिवरांकडे वळले.

कुणी हुकूम दिला नाही. दगड आधी कुणी उचलला ते मला दिसलं नाही. टोल्याकडे, ढिवरांच्या वस्तीकडे, पळापळ. मी मागून. पोचलो तोवर पहिली झोपडी पेटली होती. गवताची छपरं, महिनाभराची कोरडी. जाळी पेटली तेव्हा ज्वाळा निळसर झाली. एक बाई पोराला घेऊन तलावात उतरली आणि तिथेच गळ्यापर्यंत उभी राहिली, मेल्या माशांत. मोतीरामच्या मोडक्या हातावर कुणीतरी उभं राहिलं. तसा आवाज मी पूर्वी कधी माणसाचा ऐकला नव्हता.

बुधाजी घरात शिरला होता. काहीतरी घेऊन बाहेर आला, देवाची टोपली असावी. दारात हिरामण होता. हातात उभारी, गाडीच्या कडेला बसवतात तो दांडा. एकदाच मारली. डोक्यावर, मागून. बुधाजी गुडघ्यावर आला, मग आडवा. टोपली त्याने सोडली नाही.

हिरामणने मला पाहिलं. मी त्याला पाहिलं. उभारी त्याने आगीत टाकली.

१५ ऑक्टोबर

सातही घरं गेली. दोन बकऱ्या जळाल्या. बुधाजी शुद्धीवर नाही. कोतवालाने बैलगाडी दिली, अर्जुनीला नेला. तिथून रेल्वेने गोंदियाच्या दवाखान्यात. मोतीराम सोबत. बाकीचे ढिवर तलावाकाठच्या आंब्याखाली.

दोन्ही बादल्या कोणीतरी आमच्या अंगणात आणून ठेवल्या होत्या. काळ्या पाण्यातले दोन्ही मांगूर जिवंत. समोर बसलो. लिहायला काही नव्हतं, म्हणून बसलो.

तळाशी स्थिर. मग एक वर आला, तोंड पाण्याबाहेर काढलं, बुडबुडा सोडला, हवा गिळली, खाली गेला. थोड्या वेळाने दुसरा. परत पहिला.

बाहेरची हवा घेतात. पाण्यात प्राणवायू असला काय नसला काय. म्हणूनच तलावात तेवढेच जित्ते राहिले होते. म्हणूनच कोतवालाला तेवढेच सापडले. ते जगले हाच पुरावा होता आणि मी लोकांना ते मरायची वाट पाहायला लावली.

सौ. भांडी घासत होती. म्हटलं, हे बघ. तिने वळून पाहिलं.

"मांगूर ना. बाजारात टोपलीत दिवसभर वळवळतो की."

मीही पाहिला आहे. केशोरीच्या बाजारात, नागपूरच्याही. आयुष्यभर. मारुतीपुढे काल दोनशे माणसांनी पाहिला होता. हिरामणनेही. कुणाच्याच डोक्यात आलं नाही, त्यांच्या तर नाहीच, माझ्याही.

पंचांना बोलावून दाखवलं. तिघेच आले. बादलीत वाकून बघितलं. सरपंच म्हणाला, "आता काय उपेग जी," आणि गेले.

१७ ऑक्टोबर

ठाणेदार आला, घोड्यावर. हिंदी बोलणारा, थकलेला माणूस. जळालेल्या खांबांतून फिरला. गावात विचारलं: आग कशी लागली? चुलीतली ठिणगी उडाली. बुधाजीला कुणी मारलं? पडला. सगळ्यांचं एकच उत्तर, शब्दही तेच.

आंब्याखालचे ढिवर काहीच बोलले नाहीत. उद्या त्यांना याच गावात राहायचं आहे, राहू दिलं तर.

मग आमच्या ओसरीवर. हिरामणने पितळी पेल्यात दूध दिलं. ठाणेदार माझ्याकडे वळला.

"आप अख़बार में थे, सुना. पढ़े-लिखे आदमी हैं. मछली कैसे मरी, लिखकर दीजिए. और बुड्ढे को किसने मारा, वो भी. अर्जुनी आकर दे जाइए."

मी हो म्हटलं. हिरामण त्याच्या पेल्यात आणखी दूध ओतत होता.

ठाणेदार गेल्यावर हिरामणने रिकामा पेला आत नेऊन ठेवला. मग: "माही बहीन तुमच्या घरी सुखात हाये ना जी?"

"आहे."

"बस. तेवढंच इचारत होतो."

१९ ऑक्टोबर

गोंदियाहून मोतीरामचा निरोप, टपालाच्या माणसाबरोबर तोंडी. बाप डोळे उघडतो पण ओळखत नाही. आज पाणी गिळलं. डॉक्टर म्हणतात, सांगता येत नाही. जगला तर काय सांगेल, मेला तर कोण सांगेल.

जबाब लिहिला. मासे कसे मेले हा भाग एका बैठकीत झाला. एक पान, खाडाखोड नाही. उकाडा, उतरलेलं पाणी, अंबाडी, बोडीचं काय झालं तेही. मांगुराचं स्वतंत्र परिच्छेदात, चूक माझी म्हणून.

दुसऱ्या भागाचं पहिलं वाक्य तयार आहे. कर्ता, कर्म, क्रियापद. नाव लिहायचं राहिलं आहे. बातमीत आम्ही नाव पहिल्या ओळीत घ्यायचो.

प्रकाशकाला पत्र: चौथ्या प्रकरणात "सर्व मासे" ऐवजी "बहुतेक मासे" करावे. खुलासा म्हणून मांगुराची दोन वाक्यं जोडावीत. छपाई सुरू झाली असल्यास थांबवावी, खर्च माझ्याकडे.

सौ.ने दोन्ही कागद वाचले. जबाबाच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं.

"इथे दादाचं नाव येणार?"

"तू काय म्हणतेस?"

"मी तिथे नव्हते." थोड्या वेळाने: "पण उभारी घरातून गेली ती मी पाहिली. परत आली नाही."

एवढंच. मग तांदूळ निवडायला बसली.

२० ऑक्टोबर

मांगूर तलावात सोडले. पाणी अजून काळंच आहे. बुडाले, वर आले, श्वास घेतला, दिसेनासे झाले. आंब्याखाली ढिवरांच्या बाया चुलीला दगड मांडत होत्या. एकीने माझ्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. पाळीच्या दुसऱ्या टोकाला आमच्या घरच्या गड्यांनी अंबाडी बाहेर काढायला सुरुवात केली आहे. वाख चांगला निघतोय म्हणे, लांब आणि पांढरा.

उद्या पहाटे गाडी अर्जुनीला. बैल हिरामणचे, गाडी हिरामणची. दुसरी गाडी गावात कुणी देईना. हाकणाराही त्याचाच गडी, ३ तारखेला तुडुमावर होता तो. उभारीच्या जागी नवी बसवली आहे, बाभळीची.

नाव लिहिलं. वाळू टाकून शाई सुकवली, घडी घालून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवलं.

सौ.ने शिदोरी बांधून दाराशी ठेवली आहे. उचलून पाहिली. जड आहे. दोघांची एका वेळची आहे की माझी एकट्याची बऱ्याच दिवसांची, ते तिने सांगितलं नाही. मी विचारलं नाही.